डॉमिनियन्स ५ : अल्मच्या बाजूने पहिलं वर्ष

त्या सैनिकाच्या अंगावर एकही जखम नव्हती. लढाईचा रीप्ले थांबवून मी त्याची माहिती उघडली, तर थकव्याचा आकडा १०० च्या वर गेलेला आणि तो चिलखतासकट जमिनीवर आडवा. शेजारचाही तसाच. त्याच्या पलीकडचाही. माझ्या ३४ पोलादी पायदळातले निम्म्याहून जास्त दमून कोसळले होते आणि हाडांच्या सापळ्यांची रांग त्यांना एकेक करून संपवत होती. सापळे दमत नाहीत.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघे, कंबर, पायऱ्या चढताना लागणारी धाप, हेच माझं दिवसभराचं काम. युद्धाच्या खेळात शिपायाचं मरण त्याच्या दमसासावर ठरलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. ती लढाई मी हरले, पुढे तो सगळा डावही हरले, पण ‘डॉमिनियन्स ५’ हा कॉम्प्युटरवरचा युद्धाचा खेळ मुळापासून शिकायचा हे त्याच रात्री ठरलं. त्याला आता दीड वर्ष झालं. नऊ डाव झाले, त्यातले सहा अल्म हे राष्ट्र घेऊन. हा रिव्ह्यू त्या सहा डावांच्या जोरावर लिहितेय.

डॉमिनियन्स ही मालिका इलविंटर या छोट्याशा स्वीडिश कंपनीची, मुळात योहान कार्लसन आणि क्रिस्टोफर ऑस्टरमन या दोघांची. तिसरा भाग २००६ चा, चौथा २०१३ चा, पाचवा २०१७ चा. २०२४ मध्ये सहावाही आला. आमचा सात जणांचा गट अजून पाचव्यातच रमलाय, म्हणून मीही त्याच्याबद्दलच बोलणार. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो आणि जुन्या लॅपटॉपलाही झेपतो.

खेळ थोडक्यात असा. तुम्ही देवपदाचे एक दावेदार. तुमचं एक राष्ट्र, त्याची एक राजधानी, आणि नकाशावर तुमच्यासारखेच बाकीचे दावेदार. एक टर्न म्हणजे एक महिना. सगळे आपापले हुकूम लिहून देतात आणि सगळ्यांचे एकाच वेळी अमलात येतात. लढाईत हात घालता येत नाही. कोणती तुकडी कुठे उभी करायची ते आधी ठरवायचं, प्रत्येक सेनापतीला जास्तीत जास्त पाच हुकूम द्यायचे आणि मग जे होईल ते बघायचं. राष्ट्रं ८० हून अधिक आहेत, तीन युगांत विभागलेली. ती एकमेकांच्या तोडीची नाहीत, आणि मला या खेळाची ओढ लागली ती याच गोष्टीमुळे. कुणाकडे दर महिन्याला फुकट उगवणारी भुतावळ आहे, कुणाकडे राक्षसी देहाचे योद्धे, कुणाकडे अदृश्यपणे फिरणारे स्वार. अल्मकडे लोहार आहेत.

मधल्या युगातलं अल्म म्हणजे पोलादाचं राष्ट्र. जाड काळं चिलखत, जड हातोडे, चिलखत भेदणारे अर्बलेस्ट नावाचे मोठे धनुष्य-यंत्र. साध्या माणसांत इतकं भक्कम पायदळ क्वचितच कुणाकडे असेल. पण जादूत ते पार मागे. त्यांचे मास्टर स्मिथ म्हणजे लोहार-जादूगार, आणि त्यांचा हात चालतो तो मुख्यतः अग्नी आणि पृथ्वी या दोन मार्गांवर. वारा, मृत्यू, निसर्ग, तारका यांची जादू जवळपास नाहीच. सैनिकांची जादूला तोंड देण्याची ताकदही बेताची. शिवाय ते नकाशावर सावकाश चालतात, त्यामुळे चपळ शत्रू एका प्रांतात शिरून लूट करून निघून जातो तोवर आपण वाटेतच. हा खेळ जसा लांबतो तसा जादूच्या बाजूला कलत जातो. म्हणजे अल्मसाठी प्रत्येक महिना आधीच्यापेक्षा थोडा कठीण.

माझा धाकटा भाऊ याच गटात खेळतो. मी पहिल्यांदा अल्म घेतलं तेव्हा त्याने फोन करून सांगितलं, "ताई, दुसरं काहीतरी घे. अल्मने सुरुवात बरी होते आणि मग तू नुसती बघत बसशील." मी म्हटलं, "अरे, सुरुवात बरी होते ना? मग तिथेच काय ते करू." तेव्हा ते नुसतं बोलणं होतं. खरोखर जमायला चार डाव गेले.

दुबळं राष्ट्र घेणाऱ्याची नेहमीची समजूत मीही बाळगून होते, की सुरुवातीलाच जेवढं बळकावता येईल तेवढं बळकावायचं म्हणजे पुढे अडचण येत नाही. त्यासाठी मी पहिल्या महिन्यापासून जागा असलेला, स्वतः मैदानात उतरणारा दावेदार देव घेतला. चौथ्या महिन्यात तो एका प्रांतातल्या भालाईत घोडेस्वारांसमोर उभा राहिला, जिंकला, आणि त्याचा एक डोळा गेला. इथे जखमा कायमच्या असतात. तीन महिन्यांनी तो मेलाच. मेलेल्या देवाला पुजारी परत बोलावू शकतात, पण त्याला महिने लागतात आणि परतताना तो जादूतली काही ताकद गमावून येतो. माझ्या राष्ट्राकडे मुळात जी एक दुर्मीळ गोष्ट होती, ती मी भाल्यांसमोर उभी केली होती.

आता मी देव सुप्त ठेवते. सुप्त देव साधारण वर्षभराने जागा होतो आणि त्या बदल्यात देव आणि राज्य रचायला जास्त गुण मिळतात. तुरुंगात घातलेल्या देवाने त्याहून जास्त मिळतात, पण तो उठायला तीनेक वर्षं लागतात आणि अल्मला तेवढी उसंत कुणी देत नाही. मिळालेले गुण मी दोन ठिकाणी घालते. एक म्हणजे राज्याची घडी, शिस्त आणि उत्पादन वरच्या टोकाला. दुसरं, देवाला तारकांची जादू. अल्मला जी जादू स्वतःहून सहसा येत नाही ती देवाकडून यायला हवी. पवित्र सैनिकांसाठी मोठमोठे आशीर्वाद रचण्यात गुण घालवणारे खूप असतात. अल्मची ताकद तिथे नाही, त्यामुळे तो मोह मी सोडला. जादूला मारक असलेली घडी मात्र बिनधास्त घेते. बाकीच्यांचं संशोधन त्याने खुंटतं, पण अल्मच्या लोहारांच्या संशोधनावर त्याचा परिणाम होत नाही. फुकट मिळणारे गुण आहेत ते.

पहिल्या महिन्यातली एक गोष्ट मला कुणी आधी सांगितली असती तर फार बरं झालं असतं. अल्मच्या राजधानीत सोनं उरतं आणि साधनसामग्री संपते. प्रत्येक काळ्या चिलखताला इतकं लोखंड लागतं की खजिना भरलेला असूनही हातात थोडेच शिपाई येतात. ही सामग्री फक्त राजधानीच्या प्रांतातून येत नाही. राजधानीचा किल्ला आजूबाजूच्या, आपल्या ताब्यात असलेल्या प्रांतांतूनही ती ओढतो. म्हणून पहिले पाच-सहा महिने मी राजधानीला लागून असलेलं कडं पूर्ण करते, मग पलीकडे कितीही श्रीमंत प्रांत दिसो. त्यातही डोंगर आणि जंगल आधी. शेतीचा प्रांत सोनं देतो, आणि सोन्याची टंचाई तेव्हा नसतेच. माझ्या पाचव्या डावात कडं सहाव्या महिन्यात पूर्ण झालं, आणि सातव्या महिन्यात एका दमात जितके सैनिक तयार झाले तितके आधीच्या तीन महिन्यांत मिळून झाले नव्हते. उरलेल्या सोन्याचं काय करायचं? दर महिन्याला एक लोहार घ्यायचा. तो संशोधन करत बसतो, आणि त्याचा खरा उपयोग पुढे येईलच.

आता थकव्याकडे येते, कारण दुबळ्या राष्ट्राच्या सुरुवातीचं गणित त्यातच आहे.

चिलखत जितकं जड, तितका प्रत्येक वाराबरोबर चढणारा थकवा जास्त. थकवा वाढला की वार चुकतात, बचाव ढासळतो, शत्रूचा घाव चिलखतातली फट शोधतो, आणि १०० ला माणूस कोसळतो. म्हणजे माझ्या पायदळाचं आयुष्य त्याच्या पोलादापेक्षा लढाईच्या लांबीवर ठरतं. पहिल्या डावांत मी सगळे एकाच ओळीत उभे करून पुढे पाठवायचे. पहिल्या काही फेऱ्या डोळ्यांचं पारणं फिटावं अशा जायच्या, आणि मग सगळी ओळ एकदमच ढेपाळायची, कारण सगळे एकाच वेळी दमलेले.

हे बघताना मला कामावरचे पेशंट आठवत राहिले. हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला आम्ही सलग वीस मिनिटं चालवत नाही. थोडं चाल, थांब, परत चाल. मी तेच मैदानावर करायला लागले. पुढे ढालवाले, अर्धेच. मागे दोन हातांनी हातोडा चालवणारे, त्यांना ‘थांबा आणि मग हल्ला करा’ हा हुकूम. पुढचे शत्रूला अडवून धरतात, आणि ते दमायच्या बेतात असताना मागचे ताजेतवाने येऊन भिडतात. जड हातोड्याने शत्रू लवकर पडतो, लवकर पडला की त्याच्या तुकडीचं धैर्य लवकर खचतं, ती पळाली की लढाई संपते. त्याच प्रकारच्या प्रांतावर एका ओळीत पाठवलेल्या सैन्यातले ११ गेले होते, दोन ओळींत पाठवले तेव्हा २. आपल्या वहीत असे आकडे लिहून ठेवा. मी प्रत्येक डावाची वही ठेवते आणि मला सगळ्यात जास्त शिकवलं ते तिनेच.

अर्बलेस्टवाले मी त्या दोन ओळींच्याही मागे ठेवते, आणि शत्रू जवळ भिडल्यावर ते आपल्याच पाठीत बाण घालतात हे कायम लक्षात ठेवते. हत्यार सावकाश भरलं जातं. चांगले दोन फेरे सुटले तरी त्यांचं काम झालं असं समजायचं.

कोणता प्रांत सोडायचा, हे कळायला मला सगळ्यात वेळ लागला. गुप्तहेर आकडे देतो ते ढोबळ असतात, पण समोर कोण आहे ते बहुतेक वेळा खरं सांगतो. नांगर सोडून आलेली शेतकरी फौज, हलके धनुर्धारी, उघड्या अंगाचे रानटी टोळीवाले, यांच्यावर अल्मचं पोलाद सुरेख चालतं. भालाईत घोडेस्वार असतील तर पहिलं वर्ष तिकडे फिरकायचं नाही. बलाढ्य राष्ट्राचा खेळाडू असा प्रांत पाच-दहा शिपाई गमावून घेतो आणि पुढच्या महिन्यात विसरतो. माझ्यासाठी ते दहा म्हणजे दीड महिन्याचं लोखंड.

एवढं सगळं जमलं की बाराव्या महिन्याला माझ्याकडे १३-१४ प्रांत असतात. चांगल्या खेळाडूच्या मानाने ते काही फार नाहीत. त्याच वेळी शेजारच्याकडे १८ असतात, आणि त्याची जादू पुढे धावत असते. म्हणजे इथवर जे सांगितलं ते नुसतं तग धरणं झालं. माझ्या भावाचं म्हणणं अजून खोटं ठरलेलं नव्हतं.

ते फिरलं सहाव्या डावात, आणि फिरवलं एर्मोरने.

एर्मोर म्हणजे राखेचं साम्राज्य. कधीकाळी मोठं असलेलं, आता मेलेलं आणि तरी चालतं-फिरतं. त्याचा प्रभाव जिथे पसरतो तिथली माणसं मरत जातात आणि प्रेतं फौजेत उभी राहतात, पगाराशिवाय. अल्मसाठी याहून वाईट शेजारी सुचत नाही, कारण माझ्या दमणाऱ्या माणसांसमोर न दमणारी हाडं. सुरुवातीला सांगितलेली लढाई याच्याशीच झाली होती, तेव्हा समोर कॉम्प्युटर होता. सहाव्या डावात एर्मोर आमच्या गटातल्या एका अनुभवी खेळाडूकडे होतं आणि ते माझ्या पूर्वेला, चार प्रांतांच्या अंतरावर. पश्चिमेला योटुनहाइमचे राक्षस. दक्षिणेला माझा भाऊ, मारिन्यों घेऊन.

नकाशा बघून आधी पोटात गोळा आला. मग वहीत दोन रकाने केले. एका बाजूला मला कुणाची भीती आहे, दुसऱ्या बाजूला त्यांना कुणाची. दुसऱ्या रकान्यात दोघांच्याही नावापुढे एर्मोरच आलं. आणि एर्मोर आणि ते दोघे यांच्या मधोमध मी.

दुसऱ्याच महिन्यात मी दोघांना निरोप धाडला. या खेळात तह पाळायची सक्ती कुठेही नाही, दिलेला शब्द आणि त्याची आठवण एवढंच असतं, म्हणून निरोप स्पष्ट लिहिला. पूर्वेची सीमा मी धरते. तुम्ही माझ्या अंगावर आलात तर ती सीमा तुम्हाला धरावी लागेल. तीन महिन्यांची पूर्वसूचना दिल्याशिवाय युद्ध नाही, दोन्ही बाजूंनी. योटुनहाइमचं उत्तर त्याच दिवशी आलं, होकाराचं. भावाने फोन केला. "ताई, तू भिंत व्हायला तयार आहेस?" मी म्हटलं, "तयार आहे, पण भिंतीला डागडुजी लागते. ती तुम्ही द्यायची."

डागडुजी म्हणजे रत्नं. इथून लोहारांचा खरा उपयोग सुरू झाला. प्रत्येक जादूच्या मार्गाची स्वतःची रत्नं असतात, मंत्रांना आणि जादूच्या वस्तू घडवायला लागणारी. अल्मचे मास्टर स्मिथ तीच वस्तू इतरांपेक्षा कमी रत्नांत घडवतात. मग मी घडणावळीचं संशोधन आधी उरकलं आणि दोघांनाही कळवलं की अग्नीच्या आणि पृथ्वीच्या वस्तू माझ्याकडून घ्या, तुम्हाला स्वतः बनवून पडतं त्याहून स्वस्त पडेल. फायर ब्रँड ही ज्वाळांची तलवार सगळ्यात जास्त खपली. योटुनहाइमच्या राक्षसाच्या हातात ती गेल्यावर काय होतं ते मी रीप्लेमध्ये बघितलंय. ते मला कळवून पैसे, म्हणजे रत्नं, आगाऊ पाठवायचे. माझ्याकडे दर तलवारीमागे थोडी शिल्लक राहायची.

भावाकडून मी मोती घेतले. तारकांच्या जादूची रत्नं म्हणजे मोती, आणि मारिन्योंकडे ती जादू आहे. माझा देव तेव्हा झोपलेला, त्यामुळे मोत्यांचा मला काहीच उपयोग नव्हता. भावाने विचारलंही, "तू यांचं करणार काय?" मी सांगितलं नाही. तो माझा भाऊ असला तरी डावात शेजारचं राष्ट्र आहे.

पूर्वेला दरम्यान पुजाऱ्यांचं काम चाललं होतं. पहिल्याच महिन्यात मी सुरुवातीच्या सेनापतीला देवाचा प्रेषित नेमलं होतं. प्रेषित आपोआप मोठ्या दर्जाचा पुजारी होतो, आणि पुजाऱ्यांकडे असतो तो प्रेतांना हुसकावणारा मंत्र. त्याला एकही रत्न लागत नाही. एर्मोरची फुकट फौज जादूच्या बाबतीत फारच कच्ची, त्यामुळे या मंत्राने ती अक्षरशः विरघळते. चौथ्या महिन्यापासून मी मिळेल त्या सोन्यातून ब्लॅक प्रीस्ट घेत गेले. पूर्वेच्या किल्ल्यात प्रेषित, पाच पुजारी आणि ४० पायदळ, त्याच जुन्या दोन ओळींत. हाडांची रांग ढालींपर्यंत पोचेपर्यंत निम्मी झालेली असायची. ज्यांना दमवायला शत्रूच उरला नाही ते शिपाई दमतील कसे?

सीमेवर देवळंही बांधली, दोन. एर्मोरचा प्रभाव हद्द ओलांडून आत झिरपतो आणि मग तुमची गावं बसल्या जागी रिकामी होत जातात. त्याला तलवारीने अडवता येत नाही, आपल्या देवाचा प्रभाव तिथे दाट ठेवावा लागतो. देवळाचा खर्च अंगावर येतो, पण पहिल्या वर्षातला तो सगळ्यात चांगला खर्च होता असं मला आजही वाटतं.

मला या खेळाचं कौतुक वाटतं ते इथे. अल्मला जिंकवण्यासाठी कुठे छुपा बोनस ठेवलेला नाही, मागे पडलेल्याला वर ओढणारा कुठलाही नियम नाही. दुबळं राष्ट्र दुबळंच राहतं. पण दमसास, लोखंड, रत्नांचा भाव, पुजाऱ्याचा मंत्र आणि शेजाऱ्याची भीती या सगळ्या गोष्टी खेळात खऱ्या आहेत, एकमेकींत अडकलेल्या आहेत. त्यामुळे दुबळ्या बाजूच्या खेळाडूला शोधायला भरपूर जागा उरते. कुणाच्या उपयोगी पडायचं हे ठरवता येणं ही सुद्धा एक चाल आहे, आणि बलाढ्य राष्ट्र घेणाऱ्याला ती कधी सुचतही नाही, कारण त्याला गरज पडत नाही.

उणिवाही आहेत. चित्रं छोटी आणि साधी आहेत, जुन्या काळातली वाटतात. मला ती आवडतात, प्रत्येक शिपायाच्या दोन ओळींच्या वर्णनात त्याचा इतिहास असतो आणि मी ते वाचत बसते, पण पडद्यावर झगमगाट हवा असेल त्याची निराशा होईल. स्क्रीनवरची मांडणी शिकायलाच आठवडा जातो. कितीतरी हुकूम कीबोर्डवरच्या एकेका अक्षरावर आहेत, ते पाठ होईपर्यंत दर टर्नला अर्धा तास उगाच जातो. नियमावली जाडजूड आहे, आणि ती वाचल्याशिवाय खेळायला बसू नका हे मी मनापासून सांगते. निदान थकवा, धैर्य आणि साधनसामग्री यांची पानं तरी वाचा.

कॉम्प्युटरविरुद्धचा खेळ सरावापुरता ठीक. तो फौजा ढकलतो, पण त्याला भिंतीची गरज कळत नाही, तलवार विकत घ्यायची नसते. अल्मची खरी सुरुवात माणसांविरुद्धच खेळता येते. त्यासाठी वेळ लागतो. आम्ही ४८ तासांना एक टर्न ठेवतो, म्हणजे पहिलं वर्ष संपायलाच जवळपास महिना. रोज थोडा वेळ आणि सहा माणसांचा विश्वास, एवढं जमणार असेल तरच हात घाला. नवीन माणसाने आधी एखाद्या मजबूत राष्ट्राने दोन डाव खेळावेत, मग अल्मकडे यावं. माझा क्रम उलटा झाला आणि त्यात मला उगाच चार डाव गेले.

सहावा डाव अजून चालू आहे. तेराव्या महिन्यात माझा देव जागा झाला. भांडारात तोवर ३१ मोती जमले होते. तारकांच्या जादूत अँटीमॅजिक नावाचा मंत्र आहे, तो मैदानावरच्या आपल्या सगळ्या सैनिकांची जादूला तोंड देण्याची ताकद वाढवतो. अल्मच्या माणसांत नेमकी त्याचीच उणीव असते. मंत्रापर्यंतचं संशोधन अजून थोडं बाकी आहे आणि सगळे लोहार त्यालाच बसवलेत. फक्त एक भट्टीपाशी ठेवलाय. काल रात्री योटुनहाइमकडून आणखी दोन तलवारींची रत्नं आली. सोबत एक ओळ होती, की पूर्वसूचनेची मुदत तीनवरून पाच महिने करूया का. मी ‘हो’ लिहिलं आणि टर्न पाठवला.